आमची ही

१

शुक्रवारी कोर्ट उठलं, की सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून त्या सोमवारसाठी ओळीने लावायच्या आणि मगच खुर्ची सोडायची, ही तिची बारा वर्षांची शिस्त. त्या शुक्रवारी तिने पेन्सिली तशाच टाकल्या. शिपाई डोळे विस्फारून म्हणाला, "काय हो टिपकागद बाई, आज सूर्य कुठे उगवलाय?"

"डोंगरात," ती म्हणाली. "आणि सोमवारपर्यंत मी त्याच्याकडेच राहणार आहे."

टिपकागद हे नाव तिला एका वकिलाने दिलं होतं. साक्षीदार बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं, हे तिचं काम. पिंजऱ्यात काहीही सांडो, ही बाई एक थेंब न गाळता शोषून घेते, अशी तिची ख्याती. तिला त्या नावाचा अभिमान होता. तिच्या मते लग्न म्हणजे तरी वेगळं काय होतं? एका माणसाने दुसऱ्याची जन्मभर साक्ष द्यायची. हा असा होता, हा असं बोलला, मी पाहिलंय. यापेक्षा मोठं काही दोन माणसं एकमेकांसाठी करू शकत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं, आणि कुणी त्यावर हसलं तर ती हमरीतुमरीवर यायची.

नवरा दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांना तोंड उघडायला लावण्यात त्याची हयात चाललेली, स्वतःचं मात्र हल्ली मिटलेलं. चार महिने झाले, जेवताना तो ताटाकडे बघे आणि गाडी चालवताना रस्त्याकडे. तिच्याकडे बघितलंच, तर एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून बघावी तसं बघे, काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखं. आणि मग परवा तोच आपणहून म्हणाला होता, "टिपकागद, डोंगरावर जाऊ या? ते राहिलंय ना आपलं."

राहिलं होतं खरं. दोन वर्षांपूर्वी ते दोघं त्याच घरी जायला निघाले होते. फक्त जोडप्यांसाठी असलेलं, पाच खोल्यांचं, डोंगराच्या सोंडेवरचं घर. पण घाटातच तिला ताप भरला आणि त्याने अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. हे तिला त्यानेच सांगितलेलं. तिला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तापाने तो अख्खा आठवडाच पुसून नेला होता.

गाडी घाटाला लागली तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं. या दोन दिवसांत त्याला सरळ विचारायचं. आडवळणाने नाही, रडून नाही. तुला माझ्याबरोबर राहायचंय की नाही? हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय डोंगर उतरायचा नाही.

"काय गं, एकटीच हसतेस?"

"साक्षीदाराला प्रश्न तयार करतेय."

"मग वकील लावायला हवा," तो म्हणाला. हसला नाही.

२

पायरीवर घराच्या मालकीणबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, हातात कोरा नॅपकिन. सगळे त्यांना काकू म्हणत.

"या, या! या वेळी धुकं जरा जास्त आहे हं," काकू म्हणाल्या. "चार नंबरच ठेवलाय तुम्हाला."

खोली नेटकी होती. रुंद पलंग, खिडकीशी दोन वेताच्या खुर्च्या, खिडकीबाहेर पांढऱ्या धुक्याखेरीज काहीच नाही. पलंगाच्या डाव्या बाजूला, गुडघा येईल अशा जागी, एक टॉवेल गुंडाळी करून ठेवला होता. तिच्या डाव्या गुडघ्याला लहानपणी मार बसलेला. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेतल्याशिवाय तिला झोप येत नसे. ही गोष्ट तिच्या आईला, ताईला आणि नवऱ्याला ठाऊक होती.

"तू सांगून ठेवलंस?" तिने विचारलं.

"काय?"

"टॉवेल."

"हो," तो म्हणाला. जरा उशिरा म्हणाला.

तिला बरं वाटलं. इतक्या बारकाईने फोन करून सांगणारा नवरा म्हणजे अजून सगळं संपलेलं नाही. मग काकू चहा घेऊन आल्या, तिने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहा कडू जहर होता.

"साखर राहिली वाटतं."

काकूंनी ट्रेमधलं एक जाड पिवळसर कार्ड उचललं. इथे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या आवडीनिवडी त्या अशा कार्डावर लिहून ठेवत. चष्मा नाकावर ओढून त्यांनी वाचलं, "चार नंबर. बाईंचा चहा बिनसाखरेचा, कडक. उशी एकच. पांघरूण वेगळं." मग त्यांनी कार्डावरून नजर उचलून तिच्याकडे बघितलं, आणि हळूच डॉक्टरकडे. "अगं बाई. तुम्ही साखर घेता नाही का आता!"

"आता म्हणजे? मी नेहमीच दोन चमचे घेते."

"बरोबर, बरोबर. चूक माझीच हो. कार्ड बदलायचं राहून गेलं." आणि साखर आणायला त्या जवळजवळ पळतच गेल्या.

"दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड असेल," डॉक्टर म्हणाला. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

३

सकाळी नाश्त्याला मोठ्या टेबलाशी तीन जोडपी होती. एक नुकतं लग्न झालेलं, एकमेकांच्या ताटलीतली अंडी पळवणारं. दुसरं वयस्कर. आजोबा कुठल्यातरी बँकेतून निवृत्त झालेले, तुकतुकीत, बोलके. आजी त्यांच्या उजव्या हाताला बसून त्यांच्या पावाला लोणी लावत होत्या.

"पहिल्यांदाच का?" आजोबांनी टिपकागदला विचारलं.

"हो. मागे एकदा निघालो होतो, पण पोहोचलो नाही."

"असं?" आजोबांनी डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर मीठ शोधत होता. "आमची ही तिसरी."

"तिसरी खेप? वा!"

आजोबा नुसतेच हसले. आजीही हसल्या, अगदी वेळेवर, पाव खाली न ठेवता. "दर खेपेनंतर घरात कशी शांतता असते म्हणून सांगू!" आजोबा म्हणाले. "तिकडे भांडण म्हणून नाही. काय गं?"

"अजिबात नाही," आजी म्हणाल्या.

नवा नवरा आपल्या बायकोला कोपर मारत म्हणाला, "ऐकलंस? आपणही दर वर्षी येऊ." ती म्हणाली, "तू आधी माझं अंडं परत दे."

सगळे हसले. टिपकागदही हसली. पण तिचे कान बारा वर्षांत तयार झालेले होते, ते जेवणाच्या टेबलावरही सुट्टी घेत नसत. आमची ही तिसरी. कुठलाही नवरा बायकोकडे बोट दाखवून 'आमची ही' असंच म्हणतो. आजोबांनी खेप हा शब्द आधी उच्चारलाच नव्हता. तो तिने भरला होता.

छे, काहीतरीच! तिने पावाचा तुकडा मोडला. माणूस म्हातारा आहे, वाक्यं अर्धी सोडतो. आजींचा हात मात्र अजून लोणी लावत होता. पावाला आता जागा उरली नव्हती.

४

दहाच्या सुमाराला ते दोघं फिरायला बाहेर पडले. धुकं विरळ झालं होतं. पाऊलवाट कड्याच्या बाजूने खाली उतरत होती, एका हाताला झाडी, दुसऱ्या हाताला पोकळी. त्याने तिचा हात धरला होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच. प्रश्न विचारायला हीच वेळ बरी, असं तिला वाटलं, आणि ती शब्द जुळवत असतानाच तो म्हणाला, "सांभाळ, पुढे निसरडं आहे. गेल्या वेळी आम्ही इथूनच खाली गेलो होतो."

ती थांबली.

एका खटल्यात एका माणसाने मित्राला लिहिलेलं पत्र पुराव्यात आलं होतं. 'त्या रात्री आम्ही त्याला शेवटचं पाहिलं.' मित्र शपथेवर सांगत होता की मी त्याच्याबरोबरच होतो. न्यायाधीशांनी एकच विचारलं, तुम्ही बरोबर होतात, तर त्याने तुम्हालाच 'आम्ही' असं का लिहावं? 'आपण' का नाही? आपण म्हणजे मी आणि तू. आम्ही म्हणजे मी आणि दुसरं कुणीतरी, तू सोडून. एवढ्या एका शब्दावर दोन माणसं आत गेली. त्या दिवसापासून लघुलिपीत तिने त्या दोन शब्दांसाठी स्वतःच्या दोन खुणा केल्या होत्या, कुठल्याच पुस्तकात नसलेल्या. आपण म्हणजे मिटलेलं वर्तुळ. आम्ही म्हणजे एका बाजूने फुटलेलं.

"कोण आम्ही?" तिने विचारलं.

"अं?"

"आम्ही खाली गेलो होतो म्हणालास."

"आपण म्हणायचं होतं गं मला."

"आपण तर घाटातून परतलो होतो."

त्याने तिचा हात सोडला. "कोर्ट सोमवारी उघडतं ना?" तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

म्हणजे बाई होती. तिला एकदम सगळं स्वच्छ दिसलं, आणि वाईट वाटण्याआधी सुटल्यासारखंच वाटलं. कडू चहा पिणारी, वेगळं पांघरूण घेणारी कुणीतरी. तिला इथे आणलं होतं याने. बरं, असं होतं जगात. कोर्टात रोज बघतो आपण. टॉवेलचं काय, हे मात्र तिने त्या क्षणी स्वतःला विचारलं नाही.

वाटेच्या वळणाखाली आणखी एक घर दिसलं. वरच्या घराचंच भावंड, तेच छप्पर, तसाच व्हरांडा. व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या, एक रिकामी. दुसरीत एक बाई पाठमोरी बसलेली, दरीकडे तोंड करून. मानेवर केसांचा सैलसर अंबाडा. खुर्चीच्या हातावर तिचा उजवा हात होता, आणि त्या हाताची तर्जनी हलत होती. बारीक, भरभर, थांबून पुन्हा. जसं कुणी बोलतंय आणि ते उतरवून घ्यायचंय.

टिपकागदने आपला उजवा हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला. तो हलत नव्हता. तरी धरला.

डॉक्टर वळणावर थांबला होता. तोही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं, आणि ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिच्याकडे तो लग्नाच्या आधी असा बघायचा.

मग धुक्याचा लोट आला आणि घर दिसेनासं झालं.

५

डोंगरावर मोबाइलला रेंज नव्हती. काकूंच्या टेबलावर एक फोन होता, त्यावरून तिने ताईला लावला. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत मुख्याध्यापिका. बोलणं टाचेखाली खडू चिरडावा तसं.

"काय गं, मधुचंद्र सोडून मला काय फोन?"

"ताई, एक विचारू? दोन वर्षांपूर्वी मला ताप आला तेव्हा आम्ही कुठून परतलो होतो?"

"कुठून म्हणजे? डोंगरावरून. शुक्रवारी गेलात, रविवारी संध्याकाळी आलात. तू गाडीतून उतरलीस ती तापाने फणफणत. मीच नव्हते का काढ्याची बाटली घेऊन बसलेले?"

"दोन दिवस राहून आलो?"

"तापात विसरलीस तू. तुझा नवराच म्हणाला, तिला आठवण करून देऊ नका, त्रास होतो." ताईच्या आवाजात हसू आलं. "पण खरं सांगू, तो ताप मला लाभला. आधी काय करवादायचीस! कुणाचं खोटं खपवून घ्यायची नाहीस. मला तर घरात हेडमास्तर म्हणायचीस. तापातून उठलीस आणि पहिल्यांदा ताई म्हणालीस. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, माहितीय?"

"मी तुला नेहमीच ताई म्हणते."

"हो गं बाई, नेहमीच," ताई म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. "बरं, जेवलात का?"

तिने फोन खाली ठेवला. डावा गुडघा उघडा करून बघितला. सातव्या वर्षी पडल्याची खूण जागच्या जागी होती. ते पडणंही तिला आठवत होतं. विहिरीचा काठ, दगड, ताईने फ्रॉकने पुसलेलं रक्त. सगळं बरोबर होतं. बरं वाटायला हवं होतं.

६

काकू जेवणाची तयारी बघायला आत गेल्या होत्या. कार्डांचा लाकडी खण टेबलातच होता. दुसऱ्याचे कागद चाळणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण चार नंबरचं कार्ड दुसऱ्याचं आहे की आपलं, हाच तर प्रश्न होता. तिने ते काढलं.

पुढच्या बाजूला काकूंचं गोल अक्षर. चहा, उशी, पांघरूण. गुडघ्याखाली टॉवेल. त्याखाली ताज्या शाईत: 'आता साखर दोन.' मागची बाजू कोरी असावी म्हणून तिने उलटली.

मागे पेन्सिलीच्या चार ओळी होत्या, लघुलिपीत. लघुलिपीलाही हस्ताक्षर असतं. कोण किती दाबतं, कुठे घाई करतं, कुठली रेघ आळसाने अर्धी सोडतं. ही रेघ कुठे अर्धी सुटणार, हे डोळा तिथे पोहोचण्याआधीच तिला कळत होतं. तिने वाचलं.

'शनिवार, दुपार. खालच्या घरात माझ्यासारखी एक बसलेली असते. मी डॉक्टरला विचारलं, ही कोण. तो हसला. आत्ता खिडकीतून बघतेय. तो तिच्याजवळ उभा आहे. तिला म्हणतोय, आपण उद्या निघू.'

'आपण'च्या जागी एक मिटलेलं वर्तुळ होतं.

"त्या रेघोट्या होय?" काकू मागे येऊन उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. "आम्हाला काही लागल्या नाहीत बाई. तुम्हाला वाचता येतात का?"

"ही बाई कुठे आहे?"

"कोण?"

"जिने हे लिहिलं."

काकूंनी तिच्या हातातून कार्ड अलगद काढून घेतलं आणि कडा जुळवून खणात ठेवलं. "जेवायला चला," त्या मायेने म्हणाल्या. "गार होईल."

७

तो व्हरांड्यात होता. शनिवारची दुपार, तीन-साडेतीन झाले असतील. तिने दुसरी खुर्ची त्याच्यासमोर ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"एकच विचारायचंय. तुला माझ्याबरोबर राहायचंय की नाही?"

त्याने मान वर केली. "दोन वर्षं लागली तुला विचारायला."

"चार महिने. चार महिने तू गप्प आहेस."

"दोन वर्षं," तो म्हणाला. "ती असती, तर पहिल्याच रविवारी उशी फेकून मारली असती."

"कोण ती?"

तो खाली वळणाच्या दिशेने बघत राहिला.

"लफडं असेल तर लफडं म्हण," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "मी मरणार नाही. पण हे कोड्यात बोलणं माझ्यापुढे चालायचं नाही. बारा वर्षं मी माणसांना कोड्यात बोलताना लिहून घेतलंय. शेवटी सगळ्यांचं एकच निघतं."

"तू कधी भांडत नाहीस," तो म्हणाला. "मी उशिरा आलो, तू ताट झाकून ठेवतेस. मी खोटं बोललो, तू ते खरं म्हणून टिपून घेतेस. मला वाटलं होतं, आपल्याला हेच हवंय. शांतता. आणि मिळाली ना! पण अगं, माणूस किती दिवस आपलाच आवाज ऐकत बसणार?"

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

"तेच म्हणतोय मी."

थप्पड बसली असती तर गाल चोळता आला असता.

"तिला तू इथे सोडून आलास?" तिने विचारलं. विचारताना तिची बुद्धी आत ओरडत होती, हे काय विचारतेस, कोणाबद्दल विचारतेस!

"मी सोडलं नाही कुणाला. मी फक्त निघालो. गाडीत शेजारी तू होतीस. ताप होता तुला. हात इतका गरम होता." हे तो इतक्या हळुवारपणे म्हणाला, की तिला रडू कोसळलं असतं. पण तिने ते येऊ दिलं नाही. माणसं अपराध झाकायला काय काय रचतात, हे तिला माहीत होतं. हा वेडा झाला असेल. नाहीतर फार हुशार. दोन्हीवर उपाय असतात.

ती उठली. "हे बघ, डॉक्टर. तू कुणाला आणलंस, कुणाला सोडलंस, मला ठाऊक नाही. पण नऊ वर्षं तुझी साक्ष मी दिली आहे. तुझे वडील गेले तेव्हा तू काय बोललास, ते मला पाठ आहे. दवाखाना चालेना तेव्हा तू कुठल्या पायरीवर बसून रडलास, ती पायरी मी दाखवेन. दुसऱ्या कुणाला दाखवता येईल? उद्या तुझ्या शेजारी बसून मीच घरी जाणार आहे. ऐकलंस?"

तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा उजळला. क्षणभर, पण खराखुरा.

"अशीच बोलायची ती," तो म्हणाला.

मग तो उजेड गेला. त्याने खुर्ची जागेवर सरकवली आणि पाऊलवाटेने खाली चालू लागला. तिने कठडा धरून पाहिलं. वळणाखाली, धुक्यात, तो कुणाजवळ तरी उभा होता. तो काय बोलत होता ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्यच नव्हतं.

८

झोप लागणार नाही असं तिला वाटलं होतं. लागली, हेच चुकलं.

जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. गुडघ्याखाली टॉवेल होता, पलंग तसाच रुंद होता, वेताच्या दोन खुर्च्या होत्या. फक्त खिडकी डावीकडे होती. काल ती उजवीकडे होती.

तिने हे नीट तपासलं. पलंगावर उलटी झोपलो असू, म्हणून उशीकडे बघितलं. उशी डोक्याशीच होती. बॅग नव्हती. चपला होत्या. दार उघडून ती बाहेर आली तर समोर पाऊलवाट चढत होती, आणि वर, झाडांच्या पलीकडे, काल ज्या घरात ती झोपली होती ते घर उभं होतं.

ती धावली. गुडघा दुखत होता तरी धावली. वरच्या अंगणात गाड्या निघायच्या तयारीत होत्या. आजोबा डिकी लावत होते. नवं जोडपं एका छत्रीवरून भांडत होतं. आणि फाटकाशी, इंजिन चालू ठेवून, तिच्या नवऱ्याची गाडी उभी होती. शेजारच्या सीटवर कुणीतरी होतं. काचेवर ढग उमटले होते. त्यांच्याआड दिसला तो फक्त सैलसर अंबाडा, आणि पट्टा ओढून घेणारा एक हात.

"अहो बाई, आलात का?" पायरीवरून काकू तिला म्हणाल्या. "बरं झालं. ते फाटक तेवढं बघा."

ती फाटकाकडे गेली नाही. गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, बॉनेटवर दोन्ही हात ठेवून. डॉक्टरने काच खाली केली.

"मी कोण आहे?" ती म्हणाली. "एवढंच सांग. या सगळ्यांसमोर सांग."

त्याने तिच्याकडे बघितलं. नीट, वेळ देऊन, भुवया उंचावून. पिंजऱ्यातली शेकडो माणसं तिने अशी समोरून बघितली होती. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडावर ते आधी येतं आणि शब्द मागून. ती त्याची वाट बघत राहिली. पापणीची, गिळलेल्या आवंढ्याची, काहीतरी येण्याची. तिला त्याचं खोटं हवं होतं. खोटं असतं तर तिला ते धरता आलं असतं.

"माफ करा हं," तो म्हणाला. संकोचून, अगदी मनापासून. "ओळख लागत नाहीये. दवाखान्यात आला होतात का कधी?" आणि मग शेजारी वळून, चेष्टेत, "मला चेहरे आठवत नाहीत. बाईंनी दात दाखवले तर सांगेन!"

आतून हसण्याचा आवाज आला. "पुरे हं तुझं. जाऊ दे त्यांना," आतली बाई म्हणाली. आवाज खणखणीत होता, धाक असलेला. तिने रोज कोर्टात वाचून दाखवताना स्वतःचाच ऐकलेला.

बॉनेटवरचे तिचे हात निघाले. ते तिने काढले, की तिच्या नकळत निघाले, हे तिला सांगता आलं नसतं. गाडी हलेना, कारण फाटक बंद होतं आणि सगळे तिच्याकडे बघत होते. चिडून नाही, घाईनेही नाही. काम ज्याचं त्याने करावं, इतकंच त्यांच्या नजरेत होतं. ती फाटकाशी गेली. कडी गंजलेली होती. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ती सटकली आणि बोट मध्ये सापडलं. कातडी सोलून रक्त आलं.

फाटक उघडलं. गाडी सावकाश तिच्याजवळून सरकली. काच अजून खालीच होती, आणि डॉक्टरची नजर तिच्या बोटावर पडली. त्याने ब्रेक दाबला. कुणाच्याही दुखण्याला थांबणारा माणूस होता तो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"लागलं का हो?" त्याने विचारलं.

तिने बोट मुठीत मिटलं.

"नाही," ती म्हणाली.